कच्च्या पपईचा समुद्रातला चुलतभाऊ

रविवारी मटणाचा बेत असला की माझी आजी एक काम न चुकता करायची. हिरव्यागार कच्च्या पपईचा तुकडा किसायची आणि तो कीस हळद-मिठाबरोबर मटणाला चोळून ठेवायची. मी विचारायचे, "आजी, मटणात पपई कशाला गं? गोड होईल ना!" ती म्हणायची, "कच्ची पपई कुठली गोड लागायला? मटण जून आहे. हिच्याशिवाय शिजायचं नाही, लाकडं मात्र संपतील." तासाभरानं बोट दाबून पाहिलं, तर तुकडे खरंच मऊ पडलेले असायचे. चुलीवर चढायच्या आधीच!

मोठी झाल्यावर कळलं की पपईच्या पांढऱ्या चिकात पपेन नावाचं एक प्रथिन असतं. मांस म्हणजे तरी काय, प्रथिनांचे लांबच लांब धागे. पपेन ते धागे कात्रीसारखे जागोजागी कापतं. आणि गंमत बघा, एक धागा कापून झाला तरी ही कात्री तशीच्या तशी राहते. संपत नाही, बदलत नाही, लगेच पुढच्या धाग्याकडे वळते. सजीवांच्या शरीरातली रासायनिक कामं भराभर उरकणाऱ्या अशा कामकरी प्रथिनांना विकर म्हणतात. तुमच्या लाळेत विकरं आहेत, पोटात आहेत, शरीरातल्या प्रत्येक पेशीत आहेत. त्यांचं काम म्हटलं की आपल्याला आधी पचन आठवतं, म्हणजे कापणं, तोडणं, विरघळवणं.

पण विकरं बांधकामही करतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही वाचू शकले नाही. समुद्रात एक विकर आहे, ते आपल्या पपेनचा लांबचा चुलतभाऊ लागतं. घराणं तेच, चेहरामोहरा तोच. पण हा भाऊ काच बनवतो. खरीखुरी काच! आणि तीही थंडगार पाण्यात, भट्टीशिवाय.

त्याच्याकडे आपण जाणारच आहोत. पण वाटेत आधी दुसऱ्या एका विकराला भेटू, कारण ते या क्षणी तुमच्याही रक्तात राबतं आहे.

आधी एक प्रयोग करा. घरी तिसऱ्या आणल्या असतील तर जेवणानंतर दोन शिंपले धुऊन ठेवा. मासे खात नसाल तर समुद्रावरून आणलेला शिंपला घ्या, तोही नसेल तर अंड्याचं टरफल चालेल. खलबत्त्यात कुटून त्याची भरड करा, ती एका वाटीत घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ओता. आता कान वाटीजवळ न्या. बारीक चुरचुर ऐकू येते ना? बुडबुडे येत आहेत. हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे आपण श्वासातून बाहेर टाकतो त्याच वायूचे.

म्हणजे इतका टणक शिंपला हा वजनानं जवळजवळ अर्धा वायूचा बनलेला आहे! समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं आणि कार्बन डायऑक्साइडही विरघळलेला असतो. शिंपल्यातल्या त्या मऊ, लिबलिबीत प्राण्यानं या दोघांची सांगड घालून त्यातून दगड घडवला. त्याचं नाव कॅल्शियम कार्बोनेट. शंख, कवड्या, प्रवाळ, समुद्रकिनाऱ्यावर सापडणारा तो पांढरा हलका समुद्रफेन, सगळे याच पदार्थाचे. आपण नेमकं उलट करतो. मुंबईत चुनाभट्टी नावाचं स्टेशन आहे ना? अशा चुन्याच्या भट्टीत चुनखडी नाहीतर शिंपले सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत भाजायचे, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि हाती चुना उरतो. कोकणात आणि गोव्यात असा शिंपल्यांचा चुना बांधकामाला वापरत.

तर, प्राण्यानं हे जोडकाम केलं कसं? इथे एक अडचण आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला तरी तो लगेच बांधकामाला उपयोगी पडत नाही. आधी त्याला पाण्याच्या एका कणाशी जुळावं लागतं. मग त्याचं बायकार्बोनेट होतं. (खायच्या सोड्यात असतं तेच.) ही जुळणी आपोआप होते, पण फार सावकाश होते.

ही सावकाशी शास्त्रज्ञांना आधी समुद्रात नाही, माणसाच्या छातीत जाणवली. रक्त कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसात आणतं ते मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात. तिथे त्याचा पुन्हा वायू व्हायला हवा, तरच तो श्वासावाटे बाहेर पडणार. पण फुफ्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांतून रक्त एका सेकंदाच्या आत पुढे निघून जातं. आपोआप होणाऱ्या बदलाला तर कित्येक सेकंद लागतात. हिशेब जमेना! मग आपण श्वास सोडतो तरी कसा? रक्तात कुणीतरी मदतनीस असणारच. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मेल्ड्रम आणि रफ्टन या शास्त्रज्ञांनी तो शोधून काढला आणि १९३३ साली त्याबद्दल सविस्तर लिहिलं. त्याचं नाव कार्बोनिक अनहायड्रेज. नाव अवघड आहे, तर आपण त्याला जोडारी म्हणू. हा जोडारी दोन्ही बाजूंनी काम करतो, जोडतोही आणि सोडवतोही. त्याच्या पोटात जस्ताचा एकच अणू असतो आणि सगळी करामत त्या अणूपाशी घडते. त्याचा वेग ऐकून थक्क व्हाल. सर्वांत चपळ जोडारी एका सेकंदात सुमारे दहा लाख कण हातावेगळे करतो. तुम्ही "एक" म्हणेपर्यंत दहा लाख!

आता हा जोडारी घेऊन आपण समुद्रात उडी मारू.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोकं घालून पाहिलंत तर खाली प्रवाळ दिसतात. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. आणखी मोठं प्रवाळांचं रान विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात, किनाऱ्यापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर पाण्याखाली आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक. बँक म्हणजे पैशांची नव्हे, समुद्राखालचं उंच पठार. आणि आंग्रिया हे नाव आपल्या कान्होजी आंग्र्यांवरून पडलं.

प्रवाळाचा खडक हा दगड दिसतो, पण त्याच्या अंगावर हजारो चिमुकले प्राणी दाटीवाटीनं बसलेले असतात. एकेकाचा आकार बहुधा काही मिलिमीटरच. नळकांडीसारखं मऊ अंग, वर तोंड, तोंडाभोवती हात. पाठीला कणा नाही, आत हाड नाही. मग हा आपला सांगाडा कुठे बनवतो? स्वतःच्या बुडाखाली! ज्या पाटावर बसायचं तो पाट स्वतःच घडवायचा, त्याच्यावर आणखी एक थर चढवायचा आणि आपण किंचित वर सरकायचं. शिळेसारखे गोल वाढणारे काही प्रवाळ असे वर्षभरात जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. त्यातूनच ऑस्ट्रेलियाजवळची २,३०० किलोमीटर लांबीची प्रवाळरांग उभी राहिली आहे.

प्राण्याचं बूड आणि खालचा पाट यांच्यामध्ये एक अतिशय अरुंद फट असते. सगळं बांधकाम त्या फटीत चालतं. तिथे कॅल्शियम आणून ओतणारे पंप पेशींच्या भिंतींत बसवलेले असतात आणि बायकार्बोनेट पुरवायला आपला जोडारी असतो. प्रवाळ श्वास घेतो, त्याच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आपण तो बाहेर टाकतो, पण प्रवाळ त्यातला बराचसा वाया जाऊ देत नाही. जोडारी तो पकडून बांधकामाकडे वळवतो. स्वतःच्याच उच्छ्वासातून प्रवाळ आपलं घर बांधतो. मला या विषयातली ही गोष्ट फार फार आवडते.

हे समजलं कसं? जमैका बेटावर थॉमस गोरो नावाचे संशोधक होते. प्रवाळाच्या अंगात किती कॅल्शियम गेलं हे साध्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरलं. ते जिथे जाईल तिथून खुणेचे किरण सोडत राहतं, त्यामुळे मोजता येतं. मग त्यांनी काही प्रवाळांच्या पाण्यात जोडारीचे हात बांधून टाकणारं औषध घातलं. सांगाडा बनण्याचा वेग खूप मंदावला. १९५९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आणि ते औषध कुठलं, माहीत आहे? अॅसिटाझोलामाइड. तुमच्या ओळखीचं कुणी लडाखला किंवा एव्हरेस्टच्या पायथ्याशी ट्रेकला गेलं असेल तर त्यांना विचारून पाहा. उंचावरच्या विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर जी गोळी लिहून देतात, ती बहुतेक वेळा हीच असते. हिमालयात ती आपल्या जोडारीला आवरते, जमैकात तिनं प्रवाळाच्या जोडारीला आवरलं. दोघं एकाच घराण्यातले, म्हणूनच एकच गोळी दोघांना लागू पडली.

गोरोंनी आणखी एक पाहिलं. प्रवाळ अंधारात ठेवले तरी बांधकाम ढेपाळतं. कारण बहुतेक खडक-बांध्या प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. ती उन्हात अन्न बनवतात आणि आपल्या घरमालकालाही देतात. दिवसा असं पोटभर मिळालेला प्रवाळ साधारण तिप्पट वेगानं बांधकाम करतो.

आता पुन्हा आपल्या वाटीकडे या. लिंबू आंबट का? त्यात हायड्रोजनचे भारित कण सुटे फिरत असतात. हेच आंबट कण शिंपला विरघळवतात. आणि पंचाईत अशी की जोडारी जेव्हा बायकार्बोनेट बनवतो, तेव्हा प्रत्येक वेळी असाच एक आंबट कण मागे उरतो. पुढे बायकार्बोनेटचं कार्बोनेट होताना आणखी एक उरतो. हे कण त्या अरुंद फटीत साचले तर बांधलेलं सगळं विरघळून जाईल! म्हणून कॅल्शियमचे ते पंप एक कॅल्शियम आत घेताना दोन आंबट कण बाहेर फेकतात. बुडत्या होडीतून पाणी उपसावं तसा प्रवाळ जन्मभर आंबटपणा उपसत असतो. यात त्याची खूप शक्ती खर्च होते. आपण कोळसा आणि पेट्रोल जाळतो, त्यातला बराच कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतो. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या पाण्यातले आंबट कण सुमारे तीस टक्क्यांनी वाढले आहेत. समुद्र अजून आंबट झालेला नाही, पण उपसायचं काम मात्र वाढलं आहे. आंग्रिया बँकेवरच्या चिमुकल्यांची मला याच कारणानं काळजी वाटते.

शिंपल्यांकडेही जोडारी असतो. नथीतला मोती आठवा. मोती आणि शिंपल्याच्या आतलं चकाकणारं अस्तर एकाच प्रकारचं, कॅल्शियम कार्बोनेटच्या चपट्या विटांचं. एका विटेची जाडी अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जाडीत सुमारे दोन हजार थर! इतक्या पातळ थरांवरून परतताना प्रकाशाचे रंग वेगळे होतात, म्हणून मोत्याला तो झळाळ येतो. जपानमधल्या मोत्याच्या शिंपल्यांत १९९६ साली एक प्रथिन सापडलं, नॅक्रीन. त्याच्या साखळीतला एक भाग चक्क जोडारी निघाला. विटांच्या मधे कायटिन नावाच्या पदार्थाचे पातळ पडदे असतात (खेकड्याच्या कवचातही कायटिन असतं) आणि ते विणणारं विकर आणखी वेगळं आहे. गवंडी वेगळा, सुतार वेगळा!

आता चला काचेकडे.

काच कशी बनवतात? वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. ती वितळवायची. नुसती वाळू वितळायला सुमारे १,७०० अंश लागतात. सोडा आणि चुना मिसळला की थोडं कमी लागतं, तरीही भट्टीजवळ उभं राहवत नाही. फिरोजाबादला बांगड्यांच्या काचेच्या भट्ट्या आहेत, तिथले कारागीर त्या धगीत काम करतात म्हणून आपल्या हातात हिरवा चुडा येतो.

आणि समुद्राच्या तळाशी स्पंज नावाचे प्राणी आहेत. त्यांना मेंदू नाही, हृदय नाही, पोटसुद्धा नाही. अंगभर भोकं, त्यातून पाणी आत घ्यायचं, अन्नाचे कण गाळून घ्यायचे आणि पाणी सोडून द्यायचं, एवढंच त्यांचं जगणं. आंघोळीचे नैसर्गिक स्पंज मऊ असतात. पण बहुसंख्य स्पंजांच्या अंगात बारीक सुया असतात, त्यांना कंटिका म्हणतात, आणि त्या बहुधा काचेच्या असतात! उघड्या हातानं असा स्पंज धरला तर बोटांत कुसळं शिरतात.

यातले काही स्पंज म्हणजे नुसता चमत्कार. फिलिपिन्सजवळच्या खोल समुद्रात व्हीनसची फुलपरडी नावाचा स्पंज असतो. बाप रे, काय ती नक्षी! काचेच्या धाग्यांची विणलेली उभी, पोकळ नळी. हातमागावर विणल्यासारखी चौकट, तिच्यावर तिरके दुहेरी टेकू. आत बहुतेक वेळा कोळंबीच्या जातीची एक जोडी राहते. लहानपणी ती भोकांतून आत शिरते, वाढते, मग बाहेर पडता येत नाही आणि दोघं जन्मभर त्या काचमहालात एकत्र राहतात. म्हणून जपानमध्ये तो वाळलेला स्पंज लग्नात भेट देत. २००३ साली जोआना आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्पंजाच्या पायाशी असलेले काचतंतू तपासले. इंटरनेटचा प्रकाश वाहून नेणाऱ्या आपल्या तारांसारखेच तेही प्रकाश वाहून नेतात. शिवाय त्यांची गाठ मारली तरी ते तुटत नाहीत!

आणखी एका खोल समुद्रातल्या स्पंजाची तर एकच काचेची सुई तीन मीटरपर्यंत लांब असते. तुमच्या घराच्या छताला टेकेल एवढी! अशा एका सुईचं वय शास्त्रज्ञांनी सुमारे ११,००० वर्षं काढलं आहे.

समुद्राच्या पाण्यात सिलिका असते अगदी थोडी, तळाशी पाणी फ्रिजइतकं गार आणि भट्टी कुठेच नाही. मग ही काच येते कुठून?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ टेथिया नावाचा स्पंज मिळतो. दिसतो नारंगी चेंडूसारखा. तो वाळवला तर वजनाचा तीन चतुर्थांश भाग काचेच्या सुयांचा भरतो. एकेक सुई साधारण दोन मिलिमीटरची. सांता बार्बरा विद्यापीठात डॅनियल मोर्स यांच्या प्रयोगशाळेत कात्सुहिको शिमिझू, जेनिफर चा आणि त्यांचे सोबती या सुया तपासत होते. प्रत्येक सुईच्या बरोबर मध्यातून, पेन्सिलीतल्या शिशासारखा, प्रथिनाचा एक बारीक धागा जातो. त्यांनी काच विरघळवणाऱ्या आम्लात सुया टाकल्या. (ते आम्ल इतकं घातक असतं की तज्ज्ञसुद्धा जपून हाताळतात.) काच नाहीशी झाली, धागा उरला.

धागा कशाचा आहे ते पाहायला त्यांनी त्यातल्या प्रथिनाची अमिनो आम्लं ओळीनं वाचली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. आपली माळ आधी माहीत असलेल्या कुठल्या माळेसारखी आहे का, हे शोधता येतं. उत्तर आलं ते कुणाच्या स्वप्नातही नसेल. ती माळ कॅथेप्सिन एल या विकराशी जुळत होती. हे विकर माणसासकट सगळ्या प्राण्यांत असतं. पेशींच्या आत लयकारिका नावाच्या पिशव्या असतात ना, तिथे बसून ते जुनी प्रथिनं कापतं. आणि कॅथेप्सिन एल ज्या घराण्यात मोडतं, त्या घराण्याचं नावच मुळी पपेनचं घराणं!

भेटला ना चुलतभाऊ? १९९८ साली त्याचं बारसं झालं, सिलिकाटीन. पपेन आणि कॅथेप्सिन यांच्या कात्रीची धार एका ठरावीक जागी असते, तिथे गंधक असलेलं अमिनो आम्ल बसलेलं असतं. सिलिकाटीनमध्ये त्याच जागी गंधक नसलेलं, दुसरंच अमिनो आम्ल निघालं. फरक आणखीही आहेत, पण हा एक अगदी मर्माच्या जागचा. पचन करणाऱ्या घराण्यातल्या एकानं कोट्यवधी वर्षांपूर्वी कधीतरी धंदा बदलला होता. सगळे स्पंज हेच विकर वापरतात असं मात्र नाही. त्या फुलपरडीमध्ये शिमिझूंनाच पुढे, २०१५ साली, सिलिका बनायला मदत करणारं वेगळं प्रथिन सापडलं, ग्लासिन.

पण धाग्यात विकर आहे म्हणून तेच काच बनवतं हे कसं ठरवायचं? नुसतं नातं जुळलं म्हणजे काम सिद्ध होत नाही. १९९९ साली त्यांनी धागे साध्या पाण्यासारख्या, ना आंबट ना तुरट अशा द्रावणात ठेवले, खोलीतल्याच तापमानाला, आणि त्यात सिलिकॉनचं एक संयुग घातलं. शेजारी दुसऱ्या नळीत उकळून काढलेले धागे ठेवले. उकळलेले धागे ढिम्म. उष्णतेनं विकरांची घडी मोडते. आजीनंही पपई आधी उकळून घातली असती तर काही उपयोग झाला नसता.

आणि न उकळलेले धागे? ज्या सुईत ते बसले होते ती सुई त्यांनीच, थरावर थर चढवत, स्वतःभोवती रचली होती आणि तिच्यात ते बंद झाले होते. स्पंज मेला, वाळला, सुया आम्लात विरघळल्या. त्या नळीत त्या धाग्यांच्या अंगावर पुन्हा सिलिकाचा थर चढू लागला.